जुनं लॉन मोवर: दोरी ओढली की हाताला उलटा झटका (नेरुळ)

सोनचाफा, १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. यंत्रांच्या बाबतीत मी ढ आहे, शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

आमची नेरुळला रो-हाऊसची सोसायटी. मधोमध पाच-सहा गुंठ्यांचं लॉन, एका कडेला उतार. पहिल्या कमिटीने २००२ साली घेतलेलं पेट्रोलचं मोवर आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं फोर स्ट्रोक इंजिन, खाली एकच आडवं पातं, एकवीस इंची. पाऊस सुरू झाला, गवत घोट्याच्या वर गेलंय आणि मशीन चालू होत नाही. नुसतं चालू होत नाही असं नाही, दोरी ओढली की ती हातातून उलटी हिसकली जाते. माळीकाकांचं मनगट सुजलंय.

एक मेकॅनिक येऊन गेला. झाकण न उघडताच म्हणाला, "इंजिन गेलं, नवीन टाका." आकडा ऐकून खजिनदार बसलेच. येत्या रविवारी मीटिंग आहे, बहुमत भंगारात द्यायच्या बाजूने आहे. मला उगाच वाईट वाटतंय. काही आशा आहे का?

---

खारघरी, १४ जून, रात्री ९.५८

भावा, भंगारात दे आणि ब्रश कटर घे, लांब दांडीच्या टोकाला फिरतं पातं असतं ते. पाठीला लावायचा, दोन तासांत मैदान साफ. आमच्या सेक्टरमध्ये सगळे तेच करतात. मोवर वगैरे इंग्रजांचे लाड आहेत.

---

फिटर_वागळे, १४ जून, रात्री १०.२०

घाई नको. आधी चार प्रश्नांची उत्तरं द्या.

१. शेवटचं व्यवस्थित कधी चाललं होतं आणि तेव्हा पातं कशावर आपटलं होतं का?
२. टाकीत पेट्रोल कधीचं आहे?
३. प्लग काढून बघितला का?
४. मशीन ठेवता कुठे?

उलटा झटका म्हणजे इंजिन गेलं असं नसतं. गेलेलं इंजिन झटका देत नाही, ते गप्प बसतं.

---

सोनचाफा, १४ जून, रात्री १०.५१

काका, धन्यवाद. माळीकाकांना फोन करून विचारलं.

१. नोव्हेंबरमध्ये कडेच्या पेव्हर ब्लॉकवर आपटलं होतं. "ठण्णकन आवाज झाला आणि बंद पडलं." तेव्हापासून चालू नाही.
२. म्हणजे पेट्रोल नोव्हेंबरचंच.
३. प्लग नवीन टाकला. जुना काळा होता.
४. पावसात भिजू नये म्हणून मीटर रूममध्ये ठेवतो.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. हँडलच्या दांडीला बांधलेली तार तेवढी गंजून तुटायला आली होती, ती माळीकाकांनी परवाच बदलली.

---

रेवती_ऐरोली, १४ जून, रात्री ११.०५

थांबा थांबा. कोणती तार?

हँडलच्या वर जी दुसरी दांडी असते, जी हँडलसोबत दाबून धरायची, ती तारेने बांधून ठेवलीये का? मग मशीन बंद कसं करता?

आणि पेट्रोल भरलेलं मोवर मीटर रूममध्ये?? टाकीच्या झाकणाला वाफ जायला भोक असतं, आणि त्याच खोलीत अख्ख्या सोसायटीचे मीटर. उद्या सकाळी पहिलं काम, ते बाहेर काढा. बाकी इंजिनाचं नंतर बघू.

---

सोनचाफा, १४ जून, रात्री ११.१८

मीटर रूमचं लक्षातच आलं नाही, खरंच. उद्या काढतो.

बंद करायला माळीकाका सुक्या काठीने प्लगची टोपी उडवतात. मी तसंच बघत आलोय. मला वाटायचं हीच पद्धत आहे.

---

खारघरी, १४ जून, रात्री ११.२१

😂😂 काठीने! आमच्याकडे एक जण चप्पल वापरायचा.

---

फिटर_वागळे, १५ जून, सकाळी ६.३५

रात्री वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. मोवर हा माझा धंदा नव्हे, पण निवृत्तीनंतर कोलशेत, घोडबंदर बाजूच्या सोसायट्यांची बरीच मशीनं उघडली आहेत. दहातली सात तरी फेकायच्या लायकीची नसतात.

आधी तुमचा झटका. या इंजिनाच्या डोक्यावर फ्लायव्हील नावाचं चाक असतं, त्यात चुंबक. ते चुंबक शेजारच्या कॉइलसमोरून गेलं की प्लगला ठिणगी मिळते. फ्लायव्हील क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर) नेमकं बसावं म्हणून खाचेत एक बारीक चावी असते. कुलपाची नव्हे, मऊ धातूची इवलीशी पट्टी. पातं थेट क्रँकला जोडलेलं आहे. तुमचं पातं दगडावर अडलं, क्रँक जागेवर थांबला, पण फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे गेलं आणि चावी अर्धी कातरली गेली. फ्लायव्हील दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी ठिणगीची वेळ चुकते. पिस्टन वर येण्याच्या खूप आधी भडका झाला तर तो पिस्टनला उलटा ढकलतो, आणि तेच तुमच्या मनगटाला लागतं. चावी फार किरकोळ किमतीची वस्तू आहे. त्या मेकॅनिकला झाकण उघडायला दहा मिनिटं लागली असती.

पण फ्लायव्हील उघडण्याआधी पात्याचा बोल्ट बघा. या इंजिनात फ्लायव्हील हलकं असतं, उरलेलं वजन पात्याचं धरलेलं असतं. पातं सैल असलं तरी असाच झटका बसतो. कधी कधी नुसता बोल्ट आवळून काम होतं.

आता काम करायचा क्रम. हे मी मुद्दाम ठणकावून सांगतो: आधी प्लगची टोपी काढा, वायर लांब वळवून बांधा, मगच पात्याला हात. मशीन बंद आहे म्हणून पातं हाताने फिरवलं तर पिस्टनही फिरतो, आणि सिलिंडरमध्ये उरलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. माझ्या ओळखीच्या एका माळ्याची दोन बोटं अशीच गेली. मशीन बंदच होतं, तो फक्त अडकलेलं गवत काढत होता.

मग टाकी रिकामी करा. मग मशीन तिरपं करा, पण एअर फिल्टर आणि कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) वरच्या अंगाला राहतील असं. उलट्या बाजूने पाडलंत तर ऑइल फिल्टरमध्ये जातं, आणि चालू केल्यावर गल्लीभर पांढरा धूर.

पातं काढण्याआधी त्याचं एक टोक डेकच्या (पात्यावरच्या कवचाच्या) कडेशी आणून उंची मोजा, अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसरं टोक मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पातं किंवा क्रँक वाकला आहे. पातं वाकलं असेल तर नवीन घ्या, ठोकून सरळ करू नका. क्रँक वाकला असेल तर मात्र मीटिंगमधल्या बहुमताला माझाही पाठिंबा.

फ्लायव्हील काढताना कडेला पहार घालून ठोकू नका, त्याचे पंखे अॅल्युमिनियमचे असतात, पापडासारखे तुटतात. पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा. चावी मूळ कंपनीची घ्या. "लोखंडाची बनवून देतो, परत तुटणार नाही" असं सांगणारा भेटेल. नको. चावी तुटण्याऐवजी पुढच्या वेळी क्रँक जाईल. परत बसवताना कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात एक जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवा, कॉइल त्यावर टेकवून आवळा, कार्ड ओढून काढा. एवढी फट बरोबर असते.

प्लगची फट पाऊण मिलिमीटर. नवीन प्लगही तपासूनच लावायचा.

पेट्रोलचं सांगतो. आपल्याकडे आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. या जुन्या इंजिनांच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत पाण्याला तोटा नाही. सात महिने उभं राहिलेलं पेट्रोल खाली पाणी सोडतं, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं दिसतं, जेटचं, म्हणजे पेट्रोल जायच्या तोटीचं, बारीक भोक बुजतं, रबरी नळी आतून चिकट होते. तुमचं तेच झालं असणार. वाटी खालच्या एका बोल्टवर असते. काढा, कार्ब क्लीनरने धुवा, जेटमध्ये तांब्याची बारीक तार घाला. दाभण किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं. नळी नवीन टाका.

पुढे लक्षात ठेवा: लिटरभरच पेट्रोल आणायचं, महिन्याभरात संपवायचं, मोसम संपला की टाकी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

बोटं दुखली. दांडीबद्दल संध्याकाळी लिहितो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

---

अमोल_माजिवडा, १५ जून, सकाळी ८.१२

काका, दंडवत. प्रिंट काढून सोसायटीच्या बोर्डावर लावतोय.

---

खारघरी, १५ जून, सकाळी ८.४४

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा ब्रश कटर… बरं, गप्प बसतो.

---

रेवती_ऐरोली, १५ जून, दुपारी १.१५

गप्प बसू नका, उलट हे वाचा. ब्रश कटरच्या पुस्तकात पंधरा मीटरच्या आत कुणी नको असं लिहिलेलं असतं. सोसायटीच्या लॉनवर पंधरा मीटर म्हणजे समोरच्याचा व्हरांडा. आमच्याकडे ठेकेदाराच्या माणसाने गार्ड काढून टाकला होता, "गवत अडकतं" म्हणून. एक खडी उडून उभ्या गाडीची मागची काच गेली. गाडीत कुणी नव्हतं हे नशीब. ठेकेदार म्हणाला काच आधीच तडकलेली होती.

आमचं स्वतःचं मोवर विजेवरचं आहे, तेही जुनं. त्याचे ताप वेगळे. गेल्या वर्षी नुसतं गुणगुणायचं, पातं फिरायचं नाही. सगळे म्हणाले मोटर जळली. मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला होता. पण एक सांगते, विजेचा प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो, घरी उघडू नका, इलेक्ट्रिशियनला करू द्या.

खरा धोका केबलचा. आमच्या केबलला तीन जागी चिकटपट्टी होती, आणि ती ओल्या गवतातून ओढत होते. आता अखंड केबल आहे, आणि ज्या पॉइंटवरून घेतो तिथे तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवलाय. केबल खांद्यावरून मागे टाकायची, पॉइंटपासून सुरुवात करून लांब लांब जायचं. गवत ओलं असेल तर कापायचंच नाही, मग भले ते गुडघ्यापर्यंत येवो.

---

मुरबाडचा_बागाईतदार, १५ जून, दुपारी ३.३०

राहायला ठाण्यात, जमीन मुरबाडला, म्हणून जरा विषयांतर. माझ्याकडे पंधरा अश्वशक्तीचा जुना मिनी ट्रॅक्टर आहे, आंब्याच्या ओळींमधून गवत मारायला मागे रोटरी (फिरत्या पात्यांचं अवजार) लावतो. तारेची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण तसाच प्रकार मी केला होता. मागच्या पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याचं) प्लास्टिकचं आवरण तडकलं होतं, ते मी काढून कोठीत टाकलं. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. सेकंदाला नऊ. माझ्या गड्याच्या खांद्यावरचा पंचा त्यात गेला. त्याने पंचा सोडला म्हणून वाचला. डोक्याला गुंडाळलेला असता तर? "हे काय झालं" म्हणेपर्यंत वीस-पंचवीस फेरे झालेले असतात. त्या दिवशी संध्याकाळी कोठीतून आवरण शोधून काढलं, जोडलं नाही, नवीनच आणलं.

दुसरं, जुन्या ट्रॅक्टरवर अडकलेलं झाडाचं खोड ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीलाच) लावा. वर कुठे लावली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. स्वीडनने नवीन ट्रॅक्टरवर उलटल्यास वाचवणारी चौकट १९५९ सालीच सक्तीची केली. माझ्या ट्रॅक्टरला ती नाही. बसवायची म्हणतोय, तीन वर्षं झाली म्हणतोय.

---

फिटर_वागळे, १५ जून, संध्याकाळी ७.०५

बागाईतदार, म्हणू नका, बसवा. आणि चौकट असेल तरच सीटबेल्ट, नसेल तर नको.

आता दांडी. ती सोडली की दोन गोष्टी एकदम होतात: कॉइल इंजिनाच्या अंगाला जोडली जाऊन ठिणगी बंद, आणि फ्लायव्हीलच्या कडेला ब्रेक लागतो. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, दांडी सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. तारेने बांधली म्हणजे ब्रेक नसलेली गाडी.

एकवीस इंची पातं मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर टोकाचा वेग किती? हिशोब करा. एका फेऱ्यात टोक १६७ सेंटिमीटर जातं, सेकंदाला पन्नास फेरे. ताशी ३०० किलोमीटर. उतारावर पाय घसरला, हात सुटला, मशीन मागे आलं, तर पायाचं काय होईल ते लिहीत नाही.

उताराचं आलंच आहे तर: ढकलायचं मोवर उताराला आडवं चालवायचं, वर-खाली नाही. बसून चालवायचं असेल तर नेमकं उलटं, वर-खाली. आणि पंधरा अंशांपेक्षा जास्त चढ असेल तर दोन्ही नको. तिथे ऑइलही नीट पोचत नाही.

सोनचाफा, माळीकाकांना एक विचारा. तार का बांधली? रागावू नका, फक्त विचारा.

---

सोनचाफा, १७ जून, रात्री १०.१०

काल-आज दोन दिवस संध्याकाळी बसलो होतो. तुर्भे एमआयडीसीत काम करणारा आमच्या शेजाऱ्यांचा भाचा पुलर घेऊन आला. वृत्तांत:

चावी कातरलेली! अगदी वागळेकाकांनी लिहिल्याप्रमाणे, दोन तुकडे, मध्ये पायरी. दोन्ही टोकांच्या उंचीत एक मिलिमीटरचा फरक, म्हणजे क्रँक वाचला. पातं मात्र धारेकडे झिजून वरच्या वळणापाशी पातळ झालं होतं, नवीन मागवलं. कार्बोरेटरच्या वाटीत जे होतं त्याला पेट्रोल म्हणवत नाही.

माळीकाकांना विचारलं. आधी लाजले. मग म्हणाले, "दादा, मशीन एकदा बंद पडलं की परत चालू करायला वीस-पंचवीस वेळा दोरी ओढावी लागते. नळी बाजूला करायला, कुणाचा बॉल द्यायला, दर वेळी दांडी सोडली तर माझा खांदा राहील का? मागच्या सेक्रेटरीसाहेबांना दोनदा सांगितलं होतं, मशीन दाखवा. ते म्हणाले चालतंय ना."

त्यांना चपलेवर कापताना मीही कितीदा बघितलंय. आणि पाणी विचारलंय.

---

रेवती_ऐरोली, १७ जून, रात्री १०.२६

हे वाचून गप्प झाले.

रविवारच्या मीटिंगला मशीनच्या विषयाआधी बुटांचा विषय घ्या. पुढे स्टीलची टोपी असलेले बूट, चष्मा आणि कानाला मफ. त्यांना स्वतःला नेऊन मापाने घ्या, नाहीतर आणलेले बूट खोक्यातच राहतात.

---

खारघरी, १८ जून, सकाळी ९.०२

ओके, मी पण आमच्या माणसाला विचारलं, गार्ड का काढलास. उत्तर: "मिळाला तेव्हापासून नव्हताच." आता शोधतोय कुठे मिळेल.

---

फिटर_वागळे, १८ जून, सकाळी ९.३०

मॉडेल नंबर लिहून घ्या आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक चक्कर मारा.

सोनचाफा, नवीन पातं लावण्याआधी मधल्या भोकात खिळा घालून भिंतीवर टांगा. एक बाजू खाली गेली तर तिला कानस मारा. आणि पात्याची वळलेली पंखं वर, डेककडे. उलटं बसवलेलं मी तीनदा पाहिलंय. मग लोक म्हणतात मशीन गवत चावतं. ऑइल एसएई ३०, साधारण सहाशे मिली, पट्टीवर बघत बघत भरा. जास्त भरू नका.

---

अमोल_माजिवडा, १९ जून, दुपारी १२.४०

अवांतर: आजोबांच्या बंगल्यात हाताने ढकलायचं दंडगोल पात्यांचं मोवर पडलंय, लाकडी रोलरवालं. त्याचं काही होईल का?

---

फिटर_वागळे, १९ जून, दुपारी २.१५

होईल म्हणजे काय, तेच मूळ पुरुष! एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने १८३० साली कापडाचे तंतू छाटायच्या यंत्रावरून ते बनवलं. दंडगोल आणि खालची पट्टी यांच्यात वर्तमानपत्राचा कागद धरून हाताने हळू फिरवा. कात्रीसारखा कापला तर धार ठीक. फाटला तर पट्टीचे स्क्रू थोडे थोडे, दोन्हीकडे सारखे आवळा. तरी नाही झालं तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून दंडगोल उलटा फिरवायचा. तिथेही बोटं लांब, ते हळू चाललं तरी बोट तोडतं. खारघरींनाही हे आवडेल, पेट्रोल लागत नाही.

---

सोनचाफा, २२ जून, संध्याकाळी ६.२०

मीटिंग झाली. भंगाराचा ठराव नऊ विरुद्ध चौदा मतांनी पडला. खजिनदारांनी दुरुस्तीचं बिल दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. मोवर आता मागच्या शेडमध्ये असतं, मीटर रूमला कुलूप आहे.

दांडीची केबल ताणली गेली होती, ती नवीन टाकली. ब्रेकचं पॅड शिल्लक होतं. आज चार वाजता उघडीप मिळाली, गवत वाळायला तासभर थांबलो. तिसऱ्या ओढीला चालू झालं. माळीकाकांनी नवे बूट घातले होते, चावतात म्हणाले. थोडं कापून झाल्यावर मी त्यांना दांडी सोडायला सांगितलं आणि मोठ्याने मोजलं. दोन पूर्ण व्हायच्या आत पातं थांबलं होतं. त्यांनी परत दोरी ओढली, पहिल्याच ओढीला चालू. मग त्यांनीच चार-पाच वेळा उगाच दांडी सोडून, दोरी ओढून बघितली.

गवत फार वाढलेलं होतं म्हणून आज फक्त वरचा तिसरा हिस्सा उडवलाय, उरलेलं पुढच्या आठवड्यात.

काढलेली तार माळीकाकांनी तोंडलीच्या मांडवाला बांधली आहे.